कुठलं मशीन?

आमच्या दुकानात येऊन कुणी "मशीन बंद पडलंय" म्हटलं, की आमचे हे हातातला पाना खाली ठेवायचे आणि विचारायचे, "कुठलं मशीन? नाव सांगा." पंप की मोटर, मिक्सर की इस्त्री, हे समोरच्याच्या तोंडून बाहेर पडेपर्यंत हे त्या वस्तूकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. वस्तू टेबलावर ठेवलेली असली तरी नाही. कुणी घाबरून "यंत्र" म्हणालं तर "यंत्र पुस्तकात असतं," म्हणायचे. एकदा एक गृहस्थ टेबलफॅन छातीशी धरून मशीन, मशीन करत उभे राहिले आणि शेवटी रागावून तसेच परत गेले. ह्यांना त्याचं काही वाटलं नाही. "डॉक्टरकडे जाऊन 'शरीर दुखतंय' असं म्हणतं का कुणी?" एवढंच म्हणाले.

घरात ही शिस्त मी कधी पाळली नाही. कपडे धुतं ते मशीन, वाटण वाटतं ते मशीन, रक्तदाब मोजायचं ते मशीन, आणि टाकीत पाणी चढवतं तेही मशीनच. मला कामाशी मतलब. "अहो, मशीन आवाज करतंय!" असं मी वरून ओरडले की खालच्या दुकानातून उत्तर यायचं, "पंप म्हण, पंप!" आमच्या संसारातली निम्मी भांडणं ह्या एकाच गोष्टीवरून झाली असतील.

आणि इतक्या नेमक्या माणसाने माझी ओळख मात्र कायम "ही आमची मंडळी" अशीच करून दिली. मी एकटी बाई, मंडळी कुठून झाले कोण जाणे. एकदा विचारलंही होतं. "तसंच म्हणतात," असं म्हणून पुन्हा स्क्रू पिळत बसले.

मग एका सकाळी दाढी करताना त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, तो थोडाथोडा परत येऊ लागला. बोलणं गेलं ते मात्र गेलंच. म्हणजे अगदी सगळं नाही, एक शब्द राहिला. तो कुठला, हे ओळखायला फार डोकं लागणार नाही.

पाणी हवं असलं तरी मशीन, खिडकी लावायची तरी मशीन, लेक समोर आली तरी मशीन. दवाखान्यात त्यांनी पहिल्यांदा तो शब्द उच्चारला तेव्हा मला हसू फुटलं, आणि मग रडू आवरेना. देवाला विनोदबुद्धी आहे, पण ती फार हलक्या दर्जाची आहे, असं माझं मत झालं.

घरी आणल्यावर लेकीला त्यांचं काहीच कळेना. मला सगळं कळायचं. लांबवलेलं "मशीऽऽन" म्हणजे चहा. तुटक म्हणजे उशी सरकव. नाकातून आलं तर, आलेल्या पाहुण्यांना वाटेला लाव.

"आई, तुला कसं गं समजतं?" लेकीने विचारलं.

"मी जन्मभर हीच भाषा बोलले," मी म्हटलं.

बोलणं शिकवायला एक थेरपिस्ट बाई येऊ लागल्या. वयाने लहान, आवाज मऊ. दोन-तीनदा त्यांनी आमचा कारभार पाहिला आणि मला बाजूला घेतलं. "काकू, तुम्हाला सगळं कळतं, तीच अडचण आहे. एका शब्दात काम भागतंय, मग काका दुसरा शोधतील कशाला? आत्ताच मेहनत घ्यायला हवी. पुढे पुढे अवघड होत जातं."

"मग मी काय करू?"

"कळलं नाही असं दाखवा. नाव घेऊन मागेपर्यंत थोडं थांबा."

म्हणजे ह्यांचीच दुकानातली पद्धत. दुसऱ्या दिवशी ते लांबवून म्हणाले, "मशीऽऽन." मी कप हातात धरून विचारलं, "कुठलं मशीन? नाव सांगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. टेबलफॅनवाल्या गृहस्थांचा चेहरा अगदी असाच झाला होता. मग त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी तो चहा थोड्या वेळाने त्यांच्यापुढे ठेवला, तो त्यांनी घेतला नाही. शेवटी मी तो मोरीत ओतला. पुढचे काही दिवस हे असंच चाललं. ते मागेनासे झाले. उरलेला एक शब्दही आता जातो की काय, अशी मला धास्ती पडली.

एका दुपारी पंप घरघरायला लागला. मी सवयीने ओरडले, "अहो, मशीन बघा कसं करतंय!" ओरडले आणि जीभ चावली. खाली दुकानाचं शटर बंद होतं, ऐकायला कोण होतं?

"पंप!" आतल्या खोलीतून आवाज आला.

मी धावत गेले. "काय म्हणालात?"

ते माझ्याइतकेच दचकले होते. "मशीन," म्हणाले.

त्यांच्या उशाशी बसून मी विचार केला. ह्या माणसाकडे मागून काही मिळणार नाही, चिडवून मिळेल. आणि त्यांना चिडवायला मला कुणाकडून शिकायची गरज नव्हती. मी कात्री उचलली. "ह्या मशीनने नखं कापू का?"

पहिल्यांदा नुसते डोळे मोठे झाले. दुसऱ्यांदा, "कात्री!"

मग मी सुटलेच. घड्याळाला मशीन, बादलीला मशीन, चष्म्याला मशीन. काही शब्द येत, काही अडकत, काही सकाळी येऊन संध्याकाळी हरवत. खुर्चीला मशीन म्हटलं तेव्हा त्यांनी डाव्या हाताने उशी फेकून मारली. नेम चुकला, पण "खुर्ची" बरोबर आलं.

थेरपिस्ट बाई पुढच्या खेपेला आल्या, तेव्हा हे सगळं ऐकून हसल्या. मग त्यांनी कप, किल्ली, चमचा दाखवला. दोन जमले, एक नाही. मग सहज माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "आणि काका, ह्या कोण?"

घरातली प्रत्येक वस्तू मी त्यांच्यापुढे नाचवली होती, स्वतः मात्र उभी राहिले नव्हते. नाहीच आलं तर, ह्या भीतीने. "मंडळी" आलं असतं तरी मी चालवून घेतलं असतं. ते बघत राहिले. ओठ हलले, कपाळावर घाम आला, काही आलं नाही. बाईंनी पुढची वस्तू काढायला पिशवीत हात घातला.

मी पुढे झाले आणि म्हटलं, "मी मशीन."

त्यांनी खाटेच्या कडेवर हात आपटला. "बायको!"

बाईंनी टाळी वाजवली. माझं अजून संपलं नव्हतं. "कुठली बायको? नीट सांगा. कुणाची?"

"माझी!" ते खेकसले.

मग दमून मागे टेकले, डोळे मिटले आणि लांबवून म्हणाले, "मशीऽऽन."

बाईंनी मला डोळ्यांनी थांबायची खूण केली. मी पदराने तोंड पुसलं, स्वयंपाकघरात गेले आणि चहा टाकला.