लालासाहेबांचा दुसरा रुसवा

आधी 'ब' गेला. मग 'हे' गेला. पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर नाथाजी गाडीच्या टाकीवर गोल गोल फिरवत होता आणि लालासाहेब पालथ्या बादलीवर बसून आपलं नाव एकेका अक्षरानं पुसलं जाताना बघत होते. 'लालासा' एवढंच उरलं, तेव्हा कुणीतरी म्हणता म्हणता गाणं विसरल्यासारखं झालं.

"दाजी, डोळ्यांत काय गेलं का?" नाथाजीनं विचारलं.

"कुटं काय? तुज्या रंगाचा वास लय उग्र हाय."

"रंग आजून लावलाच न्हाई."

"मग पाण्याचा आसंल."

नाथाजी हा लालासाहेबांचा मेहुणा, साळूबाईंचा धाकटा भाऊ. फौजेतल्या वर्कशॉपातून हवालदार होऊन घरी आला आणि कोरेगावातल्या घरामागं शेळ्यांसाठी बांधलेली पत्र्याची शेड त्यानं झाडून घेतली. तिथं आता पाने भिंतीवर उंचीप्रमाणं उभे असत. नाथाजी आत शिरला की दहा नंबरचा पाना सलाम ठोकतो, अशी लालासाहेबांची खात्री होती. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर जन्म काढलेला माणूस, त्यांना सलामाचं भारी वावडं. उसाच्या गाड्यांनी त्यांना कधी ठोकला नव्हता.

आणि त्या शेडच्या मधोमध उभी होती येझदी.

ही मोटरसायकल लालासाहेबांची. वाळव्याकडच्या त्यांच्या गोठ्यात ती कित्येक वर्षं पोत्यांखाली पडून होती. खोटं वाटेल, पण एका कोंबडीनं तिच्या हेडलाइटच्या खळग्यात अंडी उबवली होती आणि त्यातून निघालेली पिल्लं बांग द्यायच्या आधी दोनदा फटफट करायची, असं गाव सांगतं. शेवटी साळूबाई म्हणाल्या, "ह्यो सांगाडा हलवा, न्हाईतर मीच भंगारवाल्याला हाक मारती." तेव्हा लालासाहेबांनी मोठ्या मनानं मेहुण्याला फोन केला, "घिऊन जा बाबा. तुला लय हौस हाय न्हवं?"

गाडी गेली. गोठ्यातली जागा मोकळी झाली. आणि त्या मोकळ्या जागेनं लालासाहेबांची झोप उडवली. दर सोमवारी कोरेगावचा बाजार हे निमित्त झालं. वाळवा सोडून वांगी घ्यायला कोरेगावला का जावं लागतं, हे साळूबाईंनी कधी विचारलं नाही. येताना वांगीही कधी आली नाहीत.

"आं?" नाथाजीचा हात एकाएकी थांबला.

पुसलेल्या तांबड्या रंगाखालून काळा रंग वर आला होता आणि काळ्यावर एक पिवळी रेघ होती. नाथाजीनं पेपर खाली ठेवला, अंगठ्यानं हळूच पाणी निपटलं. 'ज्ञा' दिसला. मग 'नू'.

"आप्पा," नाथाजी म्हणाला.

ज्ञानूआप्पा म्हणजे त्याचे वडील, लालासाहेबांचे सासरे. येझदी मूळची त्यांची. ती लालासाहेबांकडं कशी आली, हे त्या भागातल्या सगळ्या जुन्या वऱ्हाड्यांना माहीत आहे. लग्नाच्या पंगतीत नवरदेव लालासाहेब रुसून बसले. जावयानं मांडवात रुसायचं आणि सासऱ्यानं "काय पायजे, पावणं?" म्हणून समजूत काढायची, ही त्या वेळची रीतच. आप्पांनी घड्याळ पुढं केलं, जावयानं मान डावीकडं फिरवली. अंगठी पुढं केली, मान उजवीकडं. ताटातली जिलेबी मुंग्यांनी अर्धी नेली, तेव्हा आप्पांनी कोपरीच्या खिशातून आपल्याच गाडीची किल्ली काढली आणि जावयाच्या शेल्याच्या पदरात बांधली. घरी जाताच लालासाहेबांनी पेंटर बोलावून टाकी तांबडी केली, वर आपलं नाव घातलं. आप्पांचं नाव खरवडायचे कष्ट पेंटरनं घेतले नव्हते.

"तुमी गाडी न्हेली त्या दिशी मी वड्यापतोर मागनं पळत आलो हुतो, दाजी," नाथाजी टाकीकडं बघत म्हणाला.

"तू हुतास व्हय त्यो? मला वाटलं वरातीतलं पोरगं हाय. मी हात केला की तुला."

"व्हय. म्हणून तर लय राग आला."

एवढं बोलून त्यानं पेपर उचलला, पण पिवळ्या अक्षरांच्या कडेकडेनंच फिरवला. लालासाहेब बघत राहिले. आपलं नाव घासताना हा हात एवढा हळू नव्हता, असं त्यांना वाटलं.

त्या रात्री वाळव्यात त्यांनी बिरोबाला नारळ बोलला. गाडी चालू व्हावी म्हणून लोक नारळ बोलतात. लालासाहेबांनी चालू होऊ नये म्हणून बोलला. बिरोबाच्या दारात असा नवस पहिल्यांदाच आला असावा, देवही गोंधळला. कारण दिवाळीच्या तोंडावर नाथाजीचा फोन आला आणि त्यानं फोन सायलेन्सरजवळ धरला.

साळूबाईंनी कानाला लावलेला फोन लांब धरला. स्वयंपाकघर त्या आवाजानं भरून गेलं. साळूबाई आधी हसल्या, मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला, मग पुन्हा हसल्या.

"आवं, ऐकलंसा का? आप्पा आल्यागत वाटलं."

बायकोचा असा चेहरा आपल्यामुळं शेवटचा कधी झाला होता, ते लालासाहेबांना आठवेना. चहाचा घोट भलतीकडं गेला. ठसका ओसरल्यावर ते म्हणाले, "आवाज बसलाय तिचा. सर्दी झाल्यागत."

"आक्का, आजून रस्त्यावर काढली न्हाई," फोनमधून नाथाजी सांगत होता. "भाऊबीजंला ये. तवाच काढू."

झालं. त्या दिवसापासून लालासाहेबांच्या डोक्यात एकच भुंगा. पहिली फेरी कोण मारणार? गाडी त्यांची, मान जावयाचा. पण जावयानं तोंडानं मागायचं नसतं. समोरच्यानं ओळखून द्यायचं असतं. मागितलं की मान गेला, अशी आपल्याकडची पद्धत. त्यामुळं ते कोरेगावच्या एसटीत बसले ते ओठ शिवूनच.

अंगणात येझदी उभी होती. काळीभोर टाकी, वर पिवळ्या अक्षरांत 'ज्ञानूआप्पा', हँडलला झेंडूची माळ. आजूबाजूची माणसं येऊन बघून जात होती. एक म्हातारा तर तिच्या टाकीत बघून पटका नीट बांधून गेला. लालासाहेबांनी तिला एक फेरी घातली.

"आरसा वाकडा हाय," ते म्हणाले.

नाथाजीनं आरसा सरळ केला.

"आता जास्त सरळ झाला."

"बसा दाजी, ओवाळून झालं की पानं मांडतो," नाथाजी म्हणाला. गाडीबद्दल अक्षर नाही.

लालासाहेब बसले. पण आत पाटाजवळ नाही, बाहेर ओट्यावर, दाराकडं पाठ करून. नाथाजीची बायको पूजा पाणी घेऊन आली, त्यांनी तांब्याकडं बघितलं नाही. पूजा आत गेली.

"वन्सं, दाजी आत येईनात. रुसल्यात वाटतं."

"बसू द्या," आतून साळूबाईंचा आवाज आला, चांगला मोठा. "मागं असंच बसल्यालं, तवा गाडी मिळाली. आता काय इमान मागत्यात का बघू."

आत हशा पिकला. लालासाहेब वाट बघत होते. आता कुणीतरी येईल, "काय पायजे, पावणं?" म्हणून विचारील, मग आपण मान एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं... पण विचारणारे आप्पा गेले होते, सासूबाई गेल्या होत्या. सहासष्ट वर्षांच्या जावयाचा रुसवा काढणारं त्या घरात कुणी उरलंच नव्हतं, हे त्यांच्या ध्यानात आलं ते बासुंदीचा वास ओट्यापर्यंत पोचल्यावर. रुसलेल्या माणसाला परत आत जायची वाट नसते. ते समोरच्या गाडीकडं बघत बसले. ती मेली चकाकत होती.

आत निरांजन फिरलं. मग ताटात काहीतरी खणकन पडलं.

"नाथा, ही रं कशाला?" साळूबाई म्हणाल्या.

"ओवाळणी हाय."

"आरं पण गाडी? दोन वर्सं राबलास तू तिच्यावर."

"आप्पांनी ती दाजींसाठी दिली न्हवती, आक्का. तुज्यासाठी दिली हुती. तुला नांदायला त्रास नको म्हणून." "आमच्याकडनं तुला गाडी गेली आन् नाव दुसऱ्याचं लागलं, एवढंच माज्या डोस्क्यात ऱ्हायलं. आता तुजी तुला."

"मला कुटं चालवता येतीय?"

"ज्याला येतीय त्याच्या मागं बस."

साळूबाई किल्ली घेऊन उंबऱ्यात आल्या. नाथाजीही त्यांच्या मागं आला. लालासाहेबांनी मान वळवली ती किल्लीकडं, पण मध्येच त्यांची नजर मेहुण्याच्या तोंडावर गेली. कपाळाला ताजं कुंकू, वर तांदळाचा दाणा, आणि डोळे किल्लीवर. ते डोळे लालासाहेबांना चांगलेच ओळखीचे होते. गेले कित्येक सोमवार दाढी करताना ते आरशात दिसत होते.

साळूबाईंनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं.

"उठा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आदी जेवा. उपाशी माणसाच्या मागं मी बसत न्हाई."

लालासाहेब उठले. बासुंदीच्या इतक्या वाट्या त्यांनी रिचवल्या की पूजानं शेवटी पातेलंच पुढं ठेवलं. नाथाजीच्या पानात पुरी तशीच राहिली.

ऊन कलायच्या आत निघायचं ठरलं. साळूबाईंची पिशवी नाथाजीनं मागं बांधली, तीन वेळा ओढून बघितली. लालासाहेब गाडीवर बसले. कार्बोरेटरवरचं बटण दाबलं, बोटाला पेट्रोल लागलं, किकचा दांडा बाहेर काढला. पहिल्या किकला गुडघा वाजला. दुसऱ्या किकला गाडी खोकली. तिसऱ्या वेळी नाथाजीचा हात आपोआप पुढं आला, अर्ध्यात थांबला आणि खिशात गेला. चौथ्या किकला येझदीनं दोन्ही नळ्यांतून धूर सोडला.

"किक जड केलीयास," लालासाहेब ओरडून म्हणाले.

"व्हय दाजी. चुकलंच," नाथाजीही ओरडून म्हणाला.

येझदीत किकचाच दांडा गियरचं काम करतो, तो आत वळवला, क्लच सुटला आणि गाडी अंगणाबाहेर पडली. वळणावर लालासाहेबांनी आरशात बघितलं. नाथाजी फाटकात उभा होता. हात स्वच्छ होते, तरी कापडाच्या चिंधीला पुसत होता. पाठीमागं शेडचं दार सताड उघडं होतं आणि आत काही नव्हतं. हात करावा का, असं लालासाहेबांच्या मनात आलं. त्यांनी केला नाही.

रहिमतपूरचा रस्ता मोकळा लागला. गाडी अशी पळत होती की लालासाहेबांच्या पांढऱ्या मिशा कानाशी गेल्या. त्यांनी अंग पुढं टाकलं, मूठ पिळली. जिंकल्यासारखं वाटायला आता काहीच कमी नव्हतं. पाठीवर साळूबाईंचा हात होता, गाडी खाली होती, घराचा रस्ता समोर होता.

तेवढ्यात तो हात खांद्यावर आला.

"आवं, हळू," साळूबाई कानाशी म्हणाल्या. "नाथाची गाडी हाय."

आता तुझी, असं सांगता आलं असतं. तुझ्या बापाची, असंही. माझी हा शब्द तर ओठांवरच होता. लालासाहेबांनी मूठ सैल केली. गाडी हळू झाली, आणखी हळू झाली. मागून उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या भरलेल्या, ड्रायव्हरनं गाणी लावलेली. त्यानं हॉर्न दिला.

लालासाहेबांनी गाडी कडेला घेतली आणि त्याला पुढं जाऊ दिलं.