आवाज काढलेलं रेकॉर्डिंग

"बाई, तुम्ही पाठवलेल्या रेकॉर्डिंगचा आवाज का काढून टाकलात?" घड्याळवाल्यांनी खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं.

घड्याळं दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. पण वरून पडणारे ठोकळे रचायच्या त्या जुन्या व्हिडिओ गेमचे विक्रम तपासायचं काम खेळाडूंच्या संघटनेनं बारा वर्षांपूर्वी त्यांच्या गळ्यात घातलं होतं. आजवर चार लबाड त्यांनी पकडले होते. ही पाचवी, असं मनाशी धरूनच ते आले होते. कारखान्यात शर्टांना बटणं लावणारी, पन्नाशी उलटलेली बाई आणि सगळ्यांत मोठा स्कोअर?

"पंखा फार वाजतो," बाई म्हणाल्या.

"खेळून दाखवा."

त्यांनी कंट्रोलर उलटसुलट करून पाहिला, कन्सोलचे स्क्रू तपासले. कुठं काही फेरफार नव्हता. बाईंची बोटंही झरझर चालत होती. पण वेग वाढला की कुठंतरी भोक राहायचं आणि ठोकळे वर टेकायचे. तीन डावांत विक्रमाच्या निम्म्यापर्यंतही मजल गेली नाही.

"मूळ रेकॉर्डिंग आहे?"

बाईंनी ते टीव्हीवर लावलं.

पंखा वाजत नव्हताच. एक खोल गेलेला पुरुषी आवाज येत होता. "काठी... चौकोन... परत चौकोन... अगं, घाई नको." मध्येच खोकला.

"आमचे हे. गेम त्यांचाच. अंथरुणाला खिळले, हात चालेनात, तेव्हा मला शिकवलं. पुढचा ठोकळा कोपऱ्यात दिसतो, पण वेगात तिकडं बघायला सवड कुठली? ते पडल्या पडल्या सांगायचे. गेल्या महिन्यात गेले."

"दुसऱ्यानं सांगायचं नाही, हा नियम ठाऊक होता?"

"होता. म्हणून तर आवाज काढला. विक्रम नोंदलेला त्यांना बघायचा होता." बाईंनी टीव्हीकडं पाहिलं. "बोटं मात्र माझीच होती. तेवढं तुम्हाला कळावं, म्हणून ऐकवलं."

संशय खरा ठरला होता, पण घड्याळवाल्यांना नेहमीसारखं बरं वाटलं नाही. त्यांनी कागदावर 'अमान्य' लिहिलं.

"कारण काय लिहू?"

"आहे ते लिहा. दोघं खेळत होते."

त्यांनी तसंच लिहिलं. टीव्हीवर डाव अजून चालूच होता. बाईंनी तो बंद केला नाही आणि घड्याळवालेही उठले नाहीत. आवाज म्हणाला, "काठी." मांडीवर ठेवलेल्या बाईंच्या रिकाम्या हाताचा अंगठा हलला.