आठ सायकलींची साखळी

त्या इमारतीच्या तळघरात आठ सायकली एकाच साखळीत बांधलेल्या असत. एका आठवड्यात दोन सायकली चोरीला गेल्या, तेव्हा भाऊंनी ही युक्ती काढली होती. भाऊ म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या दातांच्या लॅबचे मालक. साठी ओलांडलेले, पण रोज सायकलनेच येणारे. मनगटाएवढी जाड साखळी त्यांनी आणली, ती आठही सायकलींच्या सांगाड्यांतून ओवली आणि टोकाला आकड्यांचं कुलूप लावलं. ज्याला निघायचं असेल त्यानं आकडा जुळवायचा, आपली सायकल काढायची आणि उरलेल्या पुन्हा बांधून ठेवायच्या. दर महिन्याच्या पहिल्या दिवशी पाळीपाळीने एकेकानं आकडा बदलायचा आणि बाकी सात जणांना चिठ्ठी द्यायची, असा नियम होता.

या महिन्यात पाळी ताईची होती.

ताई भाऊंच्याच लॅबमध्ये काम करायची. एकोणीस वर्षं ती कवळ्या घासत होती. दाताचे डॉक्टर मापं पाठवत, बाकीचे कारागीर त्यावरून कवळ्या घडवत, आणि शेवटी त्या ताईच्या टेबलावर येत. फिरत्या ब्रशवर धरून ती त्यांच्या गुलाबी हिरड्या चकचकीत करी. हे काम तिला भाऊंनीच शिकवलं होतं. नवरा जहाजावर, वर्षातले आठ महिने घराबाहेर. पदरात काही शिक्षण नाही. अशा वेळी त्यांनी तिला हाताला धरून टेबलाशी बसवलं होतं. हे ती विसरली नव्हती. खरं तर विसरता येत नव्हतं, हीच अडचण होती. समोरचे दात घडवायचं काम मला द्या, असं तिनं दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा भाऊ मायेनं म्हणाले होते, "कशाला गं? डोळे फोडून घेशील. माझ्याकडे आहेस तोवर तुला कसलाच त्रास नको."

एवढ्या मायेनं म्हटल्यावर तिसऱ्यांदा कोण विचारणार?

पण गेल्या महिन्यात पुलापलीकडच्या एका लॅबला समोरचे दात घडवणारं माणूस हवं असल्याचं तिला कळलं. तिनं फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, "एक तारखेला पाच वाजता या. येताना मेणाचा एक दात स्वतः कोरून आणा. मी हात बघते, कागद बघत नाही." ताईनं स्वयंपाकघराच्या ओट्यावर पंधरा दिवस दात कोरले. दहा मोडले. अकरावा जमला. समोरचा, वरचा, डावा. त्याची कड तिनं मुद्दाम थोडी झिजलेली ठेवली होती, साठ वर्षं घास चावलेल्या माणसाची असते तशी. कापसात गुंडाळून तो तिनं एका छोट्या डबीत ठेवला होता.

त्या सकाळी सव्वानऊला ती तळघरात उतरली, तेव्हा डबी तिच्या हातातच होती. खड्ड्यांच्या रस्त्यावर पिशवीत ती खडखडू लागली, म्हणून शेवटचं अर्धं अंतर तिनं एका हातानं सायकल चालवली होती.

आता ते कुलूप कसं चालतं, ते नीट पाहायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. कुलपाला चार चाकं होती आणि प्रत्येकावर शून्य ते नऊ आकडे. बाजूला एक बारीक खिटी होती. जुना आकडा लावून कुलूप उघडायचं, खिटी पुढे सरकवायची, नवा आकडा लावायचा आणि खिटी मागे आणायची. खिटी पुढे असेपर्यंतच कुलूप नवा आकडा शिकतं. ती मागे आली की त्याची शिकवणी संपली. मग चाकं कितीही फिरवा, ते ऐकत नाही. आणि दांडा आत ढकलला की आकडा कोणताही असो, ते गपकन बसतं.

जुना आकडा होता तीन-चार-शून्य-नऊ. नवा ठरवला होता पाच-दोन-आठ-एक. चिठ्ठ्या घरूनच लिहून आणल्या होत्या. ताईनं जुन्या आकड्यानं कुलूप उघडलं आणि खिटी पुढे सरकवली. पहिलं चाक पाचावर आणलं, दुसरं दोनावर.

"अरे वा, काम चालू आहे का!" मागून भाऊंचा आवाज आला.

मेणाची डबी भाऊंनी पाहिली असती, तर त्यांना काही विचारावंही लागलं नसतं. मेण कशासाठी कोरतात हे त्यांना नाही कळणार तर कोणाला? तिनं डबी झटकन हेल्मेटमध्ये टाकली आणि वरून हातमोजे कोंबले.

"झालंच, भाऊ."

"सावकाश होऊ दे. आकडा लावून एकदा उघडून बघायचं, मगच बांधायचं. नियम आहे ना आपला?"

"बघितलं," ती म्हणाली. बघितलं नव्हतं. उरलेली दोन चाकं तिनं भरभर फिरवली, भाऊंची सायकल ओळीत घेतली, साखळी ओवली आणि दांडा दाबला. दिवसभर कवळ्या घासताना तिला आपण फार हुशारीनं निसटलो असं वाटत होतं.

चार वाजून दहा मिनिटांनी ती परत तळघरात आली. पुलाचं काम चालू असल्यामुळे बस आणि गाड्या दोन-दोन तास अडकत. सायकलीसाठी मात्र कडेनं पट्टी मोकळी होती. चाळीस मिनिटं पुरणार होती. तिनं हेल्मेट घातलं, डबी ओढणीच्या टोकात बांधली, पाच-दोन-आठ-एक लावलं आणि ओढलं.

कुलूप जागचं हललं नाही.

पुन्हा लावलं. चाकं नीट रेषेत आणली. पुन्हा ओढलं. मग एक-एक आकडा मागे-पुढे करून पाहिला. साखळी तिच्या सायकलीच्या पोटातून जाऊन बाकी सातांत गुंतली होती, आणि कितीही हिसडे दिले तरी आठही सायकली एकदम खडखडत होत्या, जणू सगळ्या मिळून नाही म्हणत होत्या.

जिन्यावर पावलं वाजली. तिसऱ्या मजल्यावरचा नकाशे काढणारा आला. त्याला सगळे हेल्मेट म्हणत, कारण तो लिफ्टमध्येही हेल्मेट काढत नसे.

"काय ताई, सायकलींना बाळसं आलंय का बघताय?"

"उघडत नाहीये रे. आकडा बरोबर आहे, तरी नाही उघडत."

त्यानंही पाहिलं. "छान! म्हणजे आज चोरांपासून आपण पूर्ण सुरक्षित. आणि आपल्यापासून सायकलीसुद्धा."

"थट्टा पुरे. मला पाचला पोचायचंय."

"कुठं?"

तिनं पुन्हा चाकांना हात घातला. तेवढ्यात भाऊच खाली आले. हेल्मेटनं सगळं सांगितलं. भाऊंनी ताईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "अगं, घाम फुटलाय तुला. एवढी कसली घाई?"

खरं सांगायला तिला एक श्वास पुरला असता. पण तोंडून निघालं ते असं, "सासूबाई पडल्यात. घरी एकट्याच आहेत."

"अरे देवा! मग आधी नाही का सांगायचं? थांब, मी वरून कापायची मशीन आणतो. कवळीची तार कापते, ही का नाही कापणार?"

"तासभर लागेल, भाऊ," हेल्मेट म्हणाला. "आणि तारेसारखी नाही ही. तुम्हीच निवडून आणलीय, कापता येऊ नये म्हणून."

भाऊ तरीही जिन्याकडे धावले. साठीतला माणूस आपल्या खोट्यासाठी दोन-दोन पायऱ्या चढतोय, हे ताईला बघवेना. ती ओळीपाशी खाली बसली. हिसडे देणं तिनं थांबवलं आणि सकाळचे आपले हात आठवू लागली. एका हातात डबी. दुसऱ्या हातानं पाच. मग दोन. मग भाऊंचा आवाज. डबी हेल्मेटमध्ये टाकताना कोपर कुठं लागलं? कुलपालाच. खिटी तेव्हाच मागे गेली असणार. म्हणजे कुलूप नवे दोनच आकडे शिकलं, पुढचे दोन जुनेच राहिले.

तिनं पाच-दोन-शून्य-नऊ लावलं. दांडा अलगद बाहेर आला.

"ताई, तुम्ही जादूगार आहात!" हेल्मेट ओरडला. "भाऊ! उघडलं!"

चार पस्तीस. लगेच निघाली, तर सव्वापाचला पोचता आलं असतं. तिनं सायकल ओढून काढली, पॅडलवर पाय ठेवला आणि वळून पाहिलं, तर भाऊही आपली सायकल काढत होते.

"तुम्ही कशाला, भाऊ?"

"वा! म्हातारं माणूस पडलंय. उचलायचं झालं, तर तुला एकटीला जमेल का? चल पुढे हो. नाही, थांब, मीच पुढे होतो. तू घाईत आहेस, डोकं ठिकाणावर नसेल तुझं."

आणि ते पुढे झाले.

हा रस्ता तिला पाठ होता. कुठल्या दुकानापुढे गाडीचं दार अचानक उघडतं, कोणता सिग्नल लांब आहे, पुलावरची कोणती पत्र्याची पट्टी निसरडी आहे, सगळं. आज तिला फक्त भाऊंच्या सायकलीचा मागचा लाल दिवा दिसत होता. दर खड्ड्यापाशी ते हात खाली करून तिला खूण करत. दर सिग्नलला वळून म्हणत, "काळजी करू नकोस." एका बाजूला गाड्या खोळंबल्या होत्या, दुसऱ्या बाजूला कठडा, मधे हातभर रुंद पट्टी, त्यात ना मागे वळता येत होतं, ना पुढे काढता येत होतं. पूल संपला. डावीकडे नव्या लॅबचा रस्ता होता. समोर घर. लाल दिवा सरळ गेला. ताईही सरळ गेली. ओढणीच्या गाठीतली डबी प्रत्येक पॅडलबरोबर पोटाला टोचत राहिली.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दारापाशी तिनं किल्ली शोधायला मुद्दाम वेळ लावला आणि मोठ्यानं ओरडली, "आई! उठू नका हं! पडलात तिथंच बसा! भाऊ आलेत बघायला!"

आतून स्टूल सरकल्याचा आवाज आला, मग धप्प असा एक, मग शांतता. दार उघडलं तेव्हा सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. उजवा पाय स्टुलावर होता, आणि गुडघ्यावर पंखा पुसायचं काळंकुट्ट फडकं घडी करून ठेवलेलं होतं.

"आई गं," त्या म्हणाल्या.

"काय झालं हो?" भाऊ वाकले.

"काय व्हायचंय? वय झालं," सासूबाई म्हणाल्या आणि सुनेकडे असं पाहिलं, की ताईनं मान खाली घातली.

भाऊ अर्धा तास बसले. सहा वाजता ते गेले, आणि सासूबाई टुणकन उठल्या.

"मी का पडले होते, ते आता सांगशील?"

ताईनं गाठ सोडून डबी पुढे केली. सासूबाईंनी दात तळहातावर घेतला, उजेडात धरला. "हा तर माझ्यासारखा आहे. कडेला झिजलेला."

"तुमचाच बघून केला. तुम्ही जांभई देताना."

मग तिनं सगळं सांगितलं. नव्या लॅबच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "आज वाट पाहिली मी. उद्या साडेचारपर्यंत आहे. त्यानंतर दुसऱ्या बाईंना होकार देणार."

"मग उद्या जा," सासूबाई म्हणाल्या.

"भाऊ म्हणाले ना जाताना, तुम्ही बऱ्या होईपर्यंत रोज माझ्याबरोबर येणार, जाणार. त्यांच्या देखत कुठं वळू?"

"बरी चांगली माणसं भेटलीत तुला," सासूबाई म्हणाल्या. "मलाही आता घरातल्या घरात लंगडायला लावलंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठलाच खाली घंटी वाजली. भाऊ सायकलीवर एक पाय टेकवून उभे होते. सासूबाई गॅलरीत आल्या, काठी उंचावून हसल्या. गुडघ्याला पांढरी पट्टी होती. भाऊंनी हात केला आणि दोघं निघाली.

पुलाच्या अलीकडच्या लांब सिग्नलला ते थांबले. भाऊ समोर बघत म्हणाले, "काल उजवा होता ना?"

"काय?"

"गुडघा. आज पट्टी डाव्याला होती."

बाजूला बसचं इंजिन धडधडत होतं. सिग्नलवरचे आकडे खाली येत होते, अठ्ठावन्न, सत्तावन्न. ताईला वाटलं, आता काहीतरी जोडता येईल. दोन्ही गुडघे म्हणता येईल. मग उद्या आणखी काहीतरी, परवा आणखी.

"आई पडल्या नव्हत्या, भाऊ."

त्यांनी मान वळवली नाही.

"इथंच, पुलाच्या या बाजूला एक लॅब आहे. समोरचे दात करायला माणूस हवंय त्यांना. काल मला तिथं जायचं होतं. आज साडेचारपर्यंत शेवटची मुदत आहे."

"मला का नाही सांगितलंस?"

"दोनदा सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, डोळे फोडून घेशील."

आकडे वीसवर आले. दहावर आले. "म्हणजे काल मी तुला पुलावरून सरळ नेलं," भाऊ म्हणाले.

"हो."

हिरवा दिवा लागला. मागून हॉर्न वाजले. भाऊ निघाले. पुलावर त्यांनी खड्ड्यांच्या खुणाही केल्या नाहीत.

तळघरात हेल्मेट साखळी घेऊन उभाच होता. "या, या! आज उघडून बघूनच बांधायचं बरं का."

भाऊंनी साखळी त्याच्या हातातून घेतली. पहिल्या सायकलीपासून एकेक करत ते ओवत गेले. ताईच्या सायकलीपाशी आले तेव्हा थांबले. सीटखालची पिशवी एकवार दाबून पाहिली, तिचा सैल पट्टा घट्ट केला. मग तिची सायकल त्यांनी हाताला धरून ओळीबाहेर काढली, भिंतीला टेकवून ठेवली आणि साखळी पुढच्या सायकलीत घातली.

"अहो भाऊ, एक राहिली," हेल्मेट म्हणाला.

"राहू दे," भाऊ म्हणाले. "तिला साडेतीनला निघायचंय."

कुलूप गपकन बसलं. भाऊ जिन्याकडे निघाले, एकेक पायरी, सावकाश. सात सायकली एकमेकींना टेकून उभ्या होत्या. आठवी भिंतीशी एकटीच. ताईनं तिच्या हँडलवर हात ठेवला. सायकल मोकळी होती, तरी घट्ट धरून ठेवल्यावाचून तिला राहवेना.