भिका हलला नाही

जव्हारच्या बाजारात माझं फोटोचं दुकान आहे. दिवसा पासपोर्टचे फोटो, आणि पौर्णिमेच्या रात्री माझी हौस: चांदण्यातली शेतं, डोंगर आणि वरचे तारे. पौर्णिमेला तारे कमी दिसतात, पण जमीन दिसते. त्यासाठी एकेका फोटोला कॅमेरा वीस सेकंद उघडा ठेवावा लागतो. तेवढ्यात समोर कुणी हललं की माझं डोकं फिरतं. तसाही राग माझ्या नाकावरच असतो.

काल साखरशेतची काळीबाई दुकानात आली. तिचा नवरा भिका यंदाच्या पावसाळ्यात तापानं गेला.

"सुशीलभाऊ, घरात त्याचा फोटूच नाय. गेल्या साली नागली पिकली तवा तू आमच्या शेतावर आलतास. त्यात कुठं असंल तर बघ."

मला लगेच आठवलं. कोजागरी होती, नागली म्हणजे नाचणी कापणीला आलेली. हा माणूस रानडुकरं हाकलायला राखणीचा डबा वाजवत, बॅटरीचा झोत पाडत कॅमेऱ्यासमोर आला आणि मी ओरडलो, "बॅटरी बंद कर! हलू नकोस!" त्याच्याच शेतात उभं राहून त्यालाच दम! चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय. मग कॅमेरा एकामागोमाग आपोआप चाळीस फोटो काढेल असा लावला आणि मी खाली रस्त्यावर गाडीपाशी चहा प्यायला गेलो. घरी पहिल्याच फोटोत भिका दिसला, तेव्हा सगळेच खराब म्हणून बाजूला टाकले. पुढचे उघडलेसुद्धा नाहीत.

मी कॉम्प्युटरवर शोधत होतो, काळीबाई बोलत होती. "त्याच राती रानडुकरांनी अर्धी नागली लोळवली. झोपला असंल म्हनून मी लई बोलले त्याला. पोरं पन बोलली. तो निस्ता गप."

पहिला फोटो उघडला. डोक्याला फडकं, हातात डबा, भिका स्वच्छ दिसत होता. दुसऱ्यातही तो तिथंच. दहाव्यातही. पंचविसाव्यात त्याची मान नागलीकडे वळली होती, पाय मात्र जागचे हलले नव्हते. बत्तिसाव्यात तो नव्हता. दहा मिनिटांहून जास्त वेळ तो उभा होता. हलू नकोस म्हणालो होतो, जा म्हणायला मी विसरलो होतो.

पहिला फोटो छापून दिला असता तर ती दुवा देत गेली असती. पण मला माझीच लाज वाटली. स्क्रीन तिच्याकडे वळवली आणि सगळं सांगून टाकलं.

तिनं एकेक फोटो पाहिला. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं फक्त पंचविसाव्यावर बोट ठेवलं. "हा दे."

"यात तोंड दिसत नाही, काळीबाई. पहिला घ्या."

"तोंड मला ठावं हाय," ती म्हणाली. "तो जागा व्हता, ते पोरांना दिसू दे."