इलास्टिकचा काय दोष?

टेलरबाई गिऱ्हाइकाचं माप दोनदा घ्यायच्या, पण स्वतःच्या लेकीचं कधीच नाही. पोटच्या पोरीचं माप काय घ्यायचं? कंबर सव्वीस, तोंडपाठ! म्हणून लेकीची धावायची चड्डी तिसऱ्यांदा सैल झाली, तेव्हा त्यांनी तडक इलास्टिकवाल्याचं दुकान गाठलं.

"लाज नाही वाटत? चार धुण्यांत इलास्टिक ढिलं!"

इलास्टिकवाला मुलखाचा थंड. त्याने चड्डी घेतली, इलास्टिक ताणलं, सोडलं. दहा वेळा. दहाही वेळा ते मुकाट जागेवर आलं. दुकानातल्या बायका फिदीफिदी हसल्या.

"बाई, माझं इलास्टिक जागेवर आहे," तो म्हणाला. "लेकीला एकदा टेप लावून बघा."

टेलरबाई पाय आपटत घरी आल्या. लेक वीस किलोमीटर पळून लंगडत आली होती आणि अर्धं सफरचंद खाऊन जेवल्याचा आव आणत होती. मोठी शर्यत तीन आठवड्यांवर आलेली.

"उभी राहा."

टेप लावला. बावीस! झटकून पुन्हा लावला. बावीसच.

"अगं आई, हलकं असलं की वेग वाढतो."

"आणि पाळी?"

"सात महिने नाही. बरंच झालं, कटकट गेली!"

टेलरबाईंनी कपाळावर हात मारला. सगळ्या गावाला टेप लावला आणि दिव्याखालीच अंधार! त्यांना रडूच कोसळलं. रडत रडतच त्यांनी पोरीला दवाखान्यात ओढत नेलं.

"नडगीच्या हाडाला चीर गेलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पळायचं एवढं आणि खायचं चिमणीएवढं! शरीराने आधी पाळी बंद केली, आता हाडं ठिसूळ होतायत. चार महिने पळायचं नाही. पोटभर जेवायचं."

"माझी शर्यत!" लेकीने भोकाड पसरलं.

"हाड मोडल्यावर काय रांगत जाणारेस?" टेलरबाई कडाडल्या.

त्या दिवसापासून मशीन थांबवून त्या लेकीच्या ताटासमोर ठाण मांडून बसायच्या, शेवटच्या घासापर्यंत. लेक आधी चिडली, मग जेवू लागली, मग पातेलंही चाटूनपुसून साफ करू लागली.

पाचव्या महिन्यात पाळी आली. पाठोपाठ हळूहळू पळायची परवानगीही मिळाली. लेकीने तीच चड्डी चढवली आणि आतून ओरडली, "आई, इलास्टिक रुततंय गं!"

टेलरबाई हातातलं काम टाकून थेट दुकानात.

"काय हो, तुमचं इलास्टिक आखडलं की!" त्या भर गिऱ्हाइकांत ओरडल्या आणि पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "चांगलं चार मीटर द्या."

इलास्टिकवाल्याने मोजून पाच मीटर कापलं.