निळ्या चकतीची कड

लालसाबच्या हाताला खडबडीत कड खपत नसे. लग्नाच्या मांडवात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला, तरी त्याचा अंगठा खुर्चीच्या कडेवरून फिरत राहायचा आणि कुठं शिवण वर आलेली लागली की तिथंच नखानं खरवडायला लागायचा. पाहुणे बोलतायत, जेवणाचं बोलावणं आलंय, आणि हा आपला खुर्ची सोलतोय. जित्याची खोड म्हणतात ती ही. त्याची बायको शमशाद त्याला कोपरानं ढोसायची, तेवढ्यापुरता हात थांबायचा.

आता बिचाऱ्या हाताला तरी काय बोल लावायचा? चिंचोळी एमआयडीसीतल्या प्लॅस्टिकच्या कारखान्यात त्याचं अर्धं आयुष्य बर काढण्यात गेलं होतं. मशीनमधून गरम माल बाहेर पडतो तेव्हा त्याच्या कडेला फाजील पापुद्रा राहतो, तो म्हणजे बर. तो सुरीनं एका हिसक्यात सोलायचा, पॉलिश पेपरनं कड पुसायची, आणि माल वाकलेला असेल तर गरम पाण्यातून काढून वजनाखाली दाबून सपाट करायचा. बादल्यांची झाकणं, डबे, कुंड्या, सगळं त्याच्या हाताखालून गेलं. मग कारखान्याला परदेशातलं काम मिळालं, चकत्यांचं.

तिकडं म्हणे गोल्फ चेंडूऐवजी चकत्यांनीही खेळतात. लोखंडी खांबाला टोपली, टोपलीवर लोंबत्या साखळ्या. लांबून टाकलेली चकती साखळ्यांना लागून टोपलीत पडली की डाव झाला. शेवटची जवळची फेक ज्या चकतीनं करतात तिला पटर म्हणतात, आणि इथं पटरच व्हायचे. डाय म्हणजे साचा एकच, वितळवायचा प्लॅस्टिकचा दाणा मात्र तीन तऱ्हेचा. वॉचमनच्या लेखी ती सगळी झाकणंच होती, आणि झाकणं फेकून खेळणाऱ्या माणसांची त्याला मनापासून काळजी वाटायची.

प्रत्येक नवा लॉट फेकून बघायला कुणीतरी हवं होतं. पॅकिंगला असलेली जोया, लालसाबची एकुलती एक लेक, कॉलेजात थाळीफेक खेळलेली. सुपरवायझर मानसिंगनं तिला टाकायला लावलं आणि दुसऱ्याच फेकीला साखळ्या वाजल्या. तेव्हापासून शेडमागच्या मोकळ्या प्लॉटवर टोपली उभी राहिली आणि जोयाला फेकायचा पगार सुरू झाला.

घरात दखनी चालायची, पण कारखान्याचं बोलायला लागली की जोया मराठीवर यायची. जेवताना एका हातात घास आणि दुसऱ्या हातानं हवेत चकती.

"अब्बा, तिन्ही एकाच आईच्या पोटच्या, पण स्वभाव बघा. ती चकचकीत, आरपार दिसणारी आहे ना, ती महागाची. हाताला गुळगुळीत, घाम आला की निसटते. दगडावर आपटा, तिला काही होत नाही. पण हट्टी. पहिल्या दिवशी फेकीच्या शेवटाला जशी डावीकडं वळते तशीच वर्षानंही वळणार. मऊ रबरी आहे ती मांजर. बोटांना बिलगते, साखळीला लागली की उसळत नाही, तिथंच गप्प पडते. फक्त जोरात टाकली की डगमगते."

"आणि साधी?"

"साधी स्वस्तातली. कोरी असताना तीपण डावीकडंच ओढते. पण ती मार खाते. खांबाला लागते, मुरुमावर घासते, कड झिजते, आणि झिजत झिजत आपल्या हातासारखी होते. माणसासारखी आहे ती."

"फेकाफेकीचा पगार घेतेस आणि वर गोष्टी सांगतेस," लालसाब म्हणायचा, आणि शमशाद हसायची.

जोयाची स्वतःची चकती त्या साध्या दाण्यातलीच होती, पहिल्या लॉटमधली, निळी. कुठलाही नवा लॉट आला की आधी निळी टाकायची आणि मग नवी, म्हणजे फरक कळतो. ती पिशवीत डब्याशेजारी घेऊन रोज घरी यायची.

एवढं सगळं असून लालसाबनं आपल्या लेकीला एकदाही टाकताना बघितलं नव्हतं. दिव्याखाली अंधार. त्याचं टेबल शेडच्या आतल्या टोकाला; साखळ्यांचा आवाज तिथवर यायचा, त्यावरून पोरगी कामावर आहे एवढं त्याला कळायचं. जेवणाच्या सुट्टीत नमाज आणि मग पाय लांब करून एक डुलकी. पण ते निमित्त झालं. खरं म्हणजे चार पुरुषमाणसांच्या देखत आपली तरणी मुलगी हात फिरवून काहीतरी भिरकावते, हे त्यानं चालवून घेतलं होतं, बघायची मात्र त्याची तयारी नव्हती. "अब्बा, एकदा या की बघायला," ती म्हणायची. तो म्हणायचा, ऊन कमी होऊ दे.

पावसाळा सरताना तापाची साथ आली. जोयाच्या पेशी उतरत गेल्या. दवाखान्यात गेली ती चालत, स्वतःची चप्पल स्वतः काढून ठेवून. परत आणली ती खांद्यावर न्यायलाच.

लालसाब कामावर परत गेला, कारण घरात बसून शमशादच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. सुरी चालायची, बर निघायची. पण मागच्या प्लॉटवर साखळ्या गप्प होत्या, आणि इतके दिवस ज्या आवाजाकडं त्याचं लक्षही नव्हतं तो आवाज येत नाही म्हणून त्याचे हात मध्येच थांबायचे.

अशाच एका दुपारी ऋतुजा त्याच्या टेबलापाशी आली. ही जेऊरची, शेतकऱ्याची मुलगी, शहरात खोली घेऊन राहणारी. जोया टाकायची आणि टोपलीजवळ उभी राहून चकत्या गोळा करायची ती ऋतुजा. दोघींचा डबा एकत्र. आता मानसिंगनं जोयाचं काम हिच्यावर टाकलं होतं.

"चाचा, जोयाची निळी चकती तुमच्याकडं हाय न्हवं?"

"आहे. पिशवीत होती, तशीच घरी आहे."

"मला द्याल का ती? नव्या मालाला ताडून बघाय पायजे म्हणून तर पायजेच, पर..." ती अडखळली. "तिची हाय म्हणून बी पायजे."

लालसाब नुसता मान हलवत राहिला. मग त्याच्या तोंडून निघून गेलं, "मी तिला टाकताना कधी बघितलं नाही गं."

"कवाच न्हाय?"

"कधीच नाही."

"मग मी दावते की तुमास्नी," ती म्हणाली. "मला तिच्यावानी टाकता येत न्हाय. पर त्या चकतीला येतंय. तिच्या हातानं झिजलीया ती. सरळ सोडली की आदी केसभर उजवीकडं सरकती, मग सरळ हुती, आन् अलगद साखळीत जाऊन बसती. जोयाची फेक तशीच असायची. दुसऱ्या कुठल्या चकतीनं ते हुत न्हाय, मी लई करून बघितलंय."

लालसाबला आयुष्यात आता दुसरं काही बघायचं नव्हतं. एकदा, फक्त एकदा त्या चकतीला तसं जाताना बघायचं. "तिचा चाळिसावा दिवस होऊ दे," तो म्हणाला. "तिच्या वस्तू तेव्हाच देणार आहोत. दुसऱ्या दिवशी मी स्वतः घेऊन येतो."

चाळिसाव्याच्या आदल्या दिवशी शमशादनं जोयाचे कपडे धुवून, इस्त्री करून, घड्या घालून ठेवले. कुणाला कुठला ड्रेस द्यायचा ते ठरलं होतं. आपली आजी करायची तसंच ती करत होती: गेलेल्या माणसाची वस्तू दुसऱ्याला द्यायची ती स्वच्छ करून, घेणाऱ्याला नावं ठेवायला जागा नको.

निळी चकती तिनं लालसाबच्या पुढ्यात ठेवली. "मैली चीज नक्को देव किसी कू. बच्ची की चीज है, साफ करके देव."

तो नुसती धुणारच होता. अंगणातल्या फरशीवर बसून त्यानं साबण लावला, मातीचे डाग काढले, पंच्यानं पुसली. पुसता पुसता अंगठा कडेवरून फिरला आणि अडला. कडेला खरचटून प्लॅस्टिकचे बारीक केस उभे राहिले होते. त्यानं खिशातली सुरी काढली. एक केस काढला तर शेजारचा टोचायला लागला. तो काढला तर पुढं एक खोबण लागली, बोटाच्या पेराएवढी. ती त्यानं दोन्ही बाजूंनी सोलत सोलत मिटवली. मग सगळीच कड एकसारखी करणं आलं. निळ्या साली त्याच्या मांडीवर पडत होत्या आणि तो फुंकर मारून उडवत होता.

फरशीवर ठेवून बघितली तर चकती डुलत होती. मार खाऊन खाऊन वाकली होती. त्यानं पातेल्यात पाणी तापवलं, चकती बुडवली, मऊ झाल्यावर काढून सपाट फरशीवर ठेवली आणि वर शमशादचा पाटा ठेवला. गार झाल्यावर पॉलिश पेपर फिरवला. मशीनमधून आत्ता पडल्यासारखी झाली. एवढ्या वर्षांत इतकं सफाईचं काम आपल्या हातून झालं नव्हतं असं त्याला वाटलं. पोरगी गेल्यापासून तिच्यासाठी करण्यासारखं हे पहिलंच काहीतरी सापडलं होतं, आणि त्या संध्याकाळी तो चार घास जास्त जेवला. देवानं माणसाला असलं समाधान देऊ नये.

चाळिसाव्याचा फातेहा पढून झाला, माणसं जेवून गेली, कपडे वाटले गेले. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत लालसाब पहिल्यांदा शेडमागच्या प्लॉटवर गेला. ऊन होतं, पण त्याचं आता काही नव्हतं. जोया जिथं उभी राहायची तिथली माती पायानं दबून टणक झाली होती. तो त्या जागेच्या बाजूला उभा राहिला आणि चकती रुमालातून काढून त्यानं ऋतुजाच्या हातात दिली.

ऋतुजानं ती धरली. तिचं बोट कडेखालून काहीतरी शोधत एक फेरा फिरलं, मग आणखी एक. तिनं लालसाबकडं बघितलं. तो टोपलीकडं डोळे लावून उभा होता, गळ्यातला मफलर सारखा करत, फोटो काढून घ्यायला उभं राहावं तसा.

तिनं टाकली. चकती सरळ गेली आणि टोपलीजवळ पोचता पोचता डावीकडं ओढली जाऊन खांबाच्या बाजूनं खाली पडली. साखळ्या हलल्याही नाहीत.

"हात चुकला," ऋतुजा म्हणाली. उचलून आणून तिनं परत टाकली. परत डावीकडं. तिसऱ्यांदा तिनं बराच वेळ नेम धरला, ओठ दातात धरून. चकती पुन्हा शेवटाला डावीकडंच वळली.

"वारं हाय, चाचा."

प्लॉटच्या कुंपणाला बाभळ होती. तिचं पान हलत नव्हतं. लालसाबनं बाभळीकडं बघितलं आणि मग ऋतुजाकडं.

"खरं सांग बेटा."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमी साफ केलीया न्हवं?"

"कोरी करून आणली. द्यायची वस्तू म्हणून."

"हितं एक खोबण हुती," तिनं कडेवर बोट ठेवलं. "खांबाला लागून पडलेली. ती बोट तितंच ठिवायची. आन् मदी जरा दबली हुती, म्हणून तशी जायाची." तिनं चकती छातीशी धरली. "कोऱ्या सगळ्या डावीकडंच जात्यात, चाचा."

माणसासारखी आहे ती, मार खाते. लालसाबला जेवणाच्या ताटावरचं ते बोलणं शब्द न् शब्द आठवलं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, असं दुसऱ्या कुणाचं झालं असतं तर तो हसला असता.

"परत झिजेल की," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच लहान वाटला. "तू रोज टाक. झिजेल."

"झिजंल की," ऋतुजा म्हणाली. "पर आता माझ्या हातानं झिजंल."

त्या दिवशी तो लवकर घरी आला. अंगणात उकिडवा बसून फरशीच्या फटींत बघू लागला. चाळिसाव्याची माणसं येणार म्हणून शमशादनं अंगण दोनदा झाडून धुतलं होतं. मोरीच्या कडेला, सिमेंटच्या भेगेत, एक निळी साल अडकलेली सापडली, नखाएवढी, वळलेली. ती तळहातावर ठेवून तो बघत राहिला. जोया कशी टाकायची ते त्या सालीवरून काही कळत नव्हतं.

शमशाद दारात आली. "क्या ढूंढरे?"

त्यानं तिला सगळं सांगितलं. खोबण सांगितली, पाटा सांगितला, डावीकडं वळलेली चकती सांगितली. "तिचा हात होता त्यात," तो म्हणाला. "मी सुरीनं काढला." आणि तिच्या जनाज्याला जो रडला नव्हता तो लालसाब मोरीशेजारी बसून ढसाढसा रडला.

शमशाद त्याच्याजवळ बसली. बराच वेळ गेल्यावर ती हळूच म्हणाली, "मैं देखी थी उसकू."

त्यानं वर बघितलं.

जोया एकदा डबा विसरली होती. तो द्यायला शमशाद शेअर रिक्षानं चिंचोळीला गेली होती, वॉचमननं तिला मागच्या बाजूला पाठवलं होतं.

"मुझे कबी बोली नई."

"तुम पूछे नई."

मग शमशाद उठली. पदर खोचला. अंगणाच्या मध्यावर जाऊन तिनं उजवा पाय पुढं टाकला, डावी टाच किंचित उचलली, रिकामा हात छातीपाशी वळवून घेतला, आणि तिचा तो भांडी घासून फुगलेल्या बोटांचा हात एकदम उलगडला. बोटं सरळ झाली. हनुवटी वर गेली. क्षणभर ती हनुवटी जोयाचीच होती.

शमशाद तशीच उभी होती, हात समोर धरून. लालसाब तिच्या बोटांच्या पुढं बघत होता, भिंतीपर्यंत, भिंतीच्या वर.

"फिर?" त्यानं विचारलं. "फिर किदर गई चकती?"

शमशादनं हात खाली घेतला.

"वो नई देखी मैं," ती म्हणाली. "मैं तो उसकूच देखरी थी."