नीलव्वा बोलते तेव्हा

फकिरप्पाच्या अंगात पाच नळ्या होत्या: श्वासाची, नाकातून पोटात गेलेली, मानेतली, मनगटातली आणि लघवीची. छातीवर तीन वायरी. कपाळावर चार टिकल्यांची एक पट्टी.

ही पट्टी मेंदूच्या लहरी टिपायची आणि शेजारच्या यंत्रावर शंभरपैकी एक आकडा उमटायचा. जाग्या माणसाचा नव्वदच्या वर. फकिरप्पाला गुंगीचं औषध चालू होतं, त्याचा चाळीस-बेचाळीस. पण भेटीच्या वेळी बायको, नीलव्वा, येऊन बोलू लागली की तो साठच्या पुढे चढायचा.

हे पहिल्यांदा पाहिलं शांभवीनं. गदगच्या या इस्पितळात ती शिकाऊ डॉक्टर. फकिरप्पाचं हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालं होतं. मेंदू किती वाचला, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. आकडा चढताना पाहून ती हरखून बोलून गेली होती, "अव्वा, तुमचा आवाज पोचतोय त्यांना!" तेव्हापासून नीलव्वाला जेवण गोड लागू लागलं होतं.

सकाळी डॉक्टर हिरेमठ म्हणाले, "उद्या घरच्यांशी बोलायचंय. आवाजाला प्रतिसाद आहे, असं सांगू का मी? गुंगीत दिसला नाही तर त्यावरून काही ठरत नाही. पण दिसला, तर फार मोठी गोष्ट आहे. खात्री कर."

म्हणून भेटीच्या वेळी शांभवी आकड्याऐवजी लहरींकडे बघत उभी राहिली.

"अहो, ऐकताय ना?" नीलव्वा सुरू झाली. "तुमच्या जागेवर मल्ल्यानं गाडा लावलाय. मिरची भजी म्हणे! नुसतं पीठ. उठा आता, पुरे झाले लाड." मग सिस्टर ग्रेटाकडे वळून, "अगं, डोकं झाक की त्यांचं. कौदी तोंडावर घेतल्याशिवाय जन्मात झोपले नाहीत."

घरची गोधडी आत चालत नव्हती. ग्रेटानं गरम हवेचं पांघरूण कानापर्यंत ओढलं, हवेचा पाइप उशीशी टेकवला आणि बटण दाबलं. पडद्यावरच्या लहरी एकदम जाड झाल्या, कंगव्याच्या दातांसारख्या एकसारख्या. आकडा बावन्न. साठ. त्रेसष्ट.

"हे रोज करता?" शांभवीनं विचारलं.

"रोज. नाहीतर अव्वा मला सोडते होय?"

शांभवीनं कपाळावरच्या पट्टीला बोट लावलं; पाइपच्या हवेनं ती थरथरत होती. "अव्वा, जरा गप्प राहा."

नीलव्वा गप्प राहिली. आकडा त्रेसष्टच.

"बघ!" नीलव्वा हसली. "नुसती उभी राहिले तरी ओळखतात!"

शांभवीला तिच्याकडे बघवेना. औषधाचा वेग तिनं आहे तोच ठेवला आणि हवेचं यंत्र बंद केलं. "आता बोला."

"काय बोलू?"

"त्यांना झोंबेल असं काहीतरी."

नीलव्वानं पदर खोचला, वाकून तोंड त्याच्या कानाशी नेलं. "तुमची कढई मी मल्ल्याला विकली. ऐकलंत? तुमच्या वडिलांची कढई. झारासुद्धा दिला. उठा आणि भांडा माझ्याशी."

बोलताना तिची नजर यंत्रावर होती. आकडा कुठे बघायचा, हे तिला शांभवीनंच शिकवलं होतं.

अठ्ठावन्न. एकोणपन्नास. नीलव्वाचा आवाज चढला. बाजूच्या खाटेजवळची सिस्टर वळून बघू लागली.

पाच मिनिटांनी आकडा एक्केचाळीस होता.